बेलोऱ्याचा वैमानिक आणि बडनेऱ्याचा ड्रायव्हर : ड्यूटीचे तास कोण ठरवतो?

१/
१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून आलेले अलायन्स एअरचे एटीआर विमान उतरले आणि अमरावतीची नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. धावपट्टी १८५० मीटरची, सुरुवातीला आठवड्यातून ३ फेऱ्या. अमरावतीकरांच्या दृष्टीने मात्र याहून मोठी बातमी सुमारे नऊ महिने आधीच आली होती. जुलै २०२४ मध्ये एअर इंडियाने याच बेलोऱ्यात वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा केली. दरवर्षी १८० वैमानिक आणि ३४ प्रशिक्षण विमाने, असा तो आराखडा होता.

२/
या घोषणेनंतर वऱ्हाडातील अनेक घरांत वैमानिक होण्याचा विचार प्रथमच गांभीर्याने होऊ लागला असेल, तर त्यात नवल नाही. त्या चर्चेत दोन आकडे नेहमी असतात, प्रशिक्षणाचा खर्च आणि पगार. तिसरा प्रश्न क्वचितच निघतो. नोकरी लागल्यानंतर कोणत्या दिवशी, किती वाजता, किती तास काम करायचे, हे कोण ठरवणार? जादा तासांची संधी कोणाला मिळणार आणि सक्ती कोणावर होणार? हा थ्रेड त्या तिसऱ्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे.

३/
वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. अकोल्याच्या शिवणी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे, पण विस्ताराअभावी तेथून नियमित प्रवासी सेवा रुजली नाही. त्यामुळे या भागाने वेळापत्रकाचा संघर्ष पाहिला तो आकाशात नव्हे, रुळांवर. भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. इंजिन चालवणाऱ्यास तेव्हा ड्रायव्हर म्हणत. आज त्याचे अधिकृत नाव लोको पायलट आहे. पदनामातील हे साम्य वरवरचे नाही.

४/
रेल्वेच्या ड्रायव्हरचे काम गिरणीसारखे भोंग्यावर सुरू होत नाही आणि भोंग्यावर संपतही नाही. गाडी उशिरा सुटली, सिग्नल मिळाला नाही, पुढची मालगाडी अडली, की ड्यूटी लांबते. काम जेथे संपते ते घर नसते. रनिंग रूममध्ये झोप काढून दुसरी गाडी परत आणावी लागते. त्याच्या मोबदल्याचा एक भाग प्रत्यक्ष कापलेल्या अंतरावर ठरतो. वैमानिकाच्या नोकरीची घडणही अशीच आहे. कामाला ठरलेली वेळ नाही, रात्र घराबाहेर जाते आणि कमाई उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असते.

५/
रेल्वेत नवखा आणि जुना यांच्यातील फरक पगाराइतकाच वेळापत्रकातही दिसतो. मेल आणि एक्सप्रेस गाड्या ठरल्या वेळी धावतात, त्यांच्या चालकांची ‘लिंक’ आधीच आखलेली असते. पुढच्या आठवड्यात कोणत्या रात्री घरी असू, हे त्यांना बरेचसे सांगता येते. मालगाडीला असे वेळापत्रक नसते. गाडी भरली की बोलावणे येते. एकेकाळी हे बोलावणे घेऊन कॉल बॉय वही हाती धरून रेल्वे क्वार्टरच्या दारात उभा राहत असे. आता फोन वाजतो. बढतीचा क्रम मालगाडी, मग पॅसेंजर, मग मेल असा असल्याने अनिश्चितता बहुतांशी नव्याच्या वाट्याला येते.

६/
अमेरिकेतील रेल्वेत हीच व्यवस्था अधिक स्पष्ट शब्दांत बांधली गेली. नोकरीला लागल्याच्या तारखेवरून ज्येष्ठतेची यादी तयार होई. यादीतील वरच्यांना चांगल्या पाळ्या निवडता येत. तळाच्यांची नावे ‘एक्स्ट्रा बोर्ड’वर लावली जात, म्हणजे कोणी आजारी पडले किंवा जादा गाडी निघाली की त्यांना हाक. विमानवाहतूक सुरू झाली तेव्हा तिच्यापुढे नोकरीच्या नियमांचा हा तयार नमुना होता. त्यामुळे वैमानिकांच्या वेळापत्रकाचा इतिहास समजून घ्यायचा तर रुळांवरून अमेरिकेच्या धावपट्टीपर्यंत जावे लागते.

७/
डेव्हिड बेंके या वैमानिकाच्या पुढाकाराने १९३१ साली तेथे एअर लाइन पायलट्स असोसिएशन स्थापन झाली. मंदीचा काळ होता आणि कंपन्या वेतन कापत होत्या. वाद राष्ट्रीय कामगार मंडळापुढे गेला आणि १० मे १९३४ रोजी त्याने जो निवाडा दिला तो ‘निर्णय क्रमांक ८३’ म्हणून ओळखला जातो. त्यात वेतनाचे सूत्र ठरले आणि महिन्याला उड्डाणाच्या ८५ तासांची मर्यादा आली. १९३८ च्या कायद्याने या निवाड्याला आधार दिला. १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्सशी संघटनेचा पहिला करार झाला.

८/
या ८५ तासांचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. मर्यादा नसती तर अधिक पैशांसाठी अधिक तास उडणारा वैमानिक कंपनीला हवाहवासा झाला असता आणि नकार देणारा नकोसा. म्हणजे एकाची इच्छा दुसऱ्याची सक्ती ठरली असती. तासांची मर्यादा प्रवाशाच्या सुरक्षेसाठी असतेच. पण ती वैमानिकाला स्वतःच्या गरजेपासूनही वाचवते. कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेला माणूस आपल्या थकव्याचा निष्पक्ष न्यायाधीश होऊ शकत नाही.

९/
या पायावर पुढे ‘बिडिंग’ची पद्धत उभी राहिली. मराठीत तिला पसंतीची बोली म्हणता येईल. येथे लिलाव पैशांचा नसतो, ज्येष्ठतेचा असतो. कंपनी पुढील महिन्याच्या सर्व फेऱ्या जाहीर करते. प्रत्येक वैमानिक आपल्या पसंती नोंदवतो : कोणते दिवस सुट्टी हवी, पहाटेची उड्डाणे चालतील की नाही, कोणत्या शहरात मुक्काम नको. मग यादीतील पहिल्या क्रमांकापासून वाटप सुरू होते. पूर्वी हे कागदावर होई, आता संगणक करतो. क्रम मात्र तोच आहे.

१०/
समजा, एका तळावर १०० सहवैमानिक आहेत. पहिल्याने दिवाळीचे चार दिवस मागितले, त्याला मिळाले. दहाव्याने मागितले, त्यालाही मिळाले. साठाव्यापर्यंत येता येता चारातले दोन उरले. शंभराव्याने काय मागितले याला फारसा अर्थ उरत नाही, उरलेले त्याचे. बहुधा त्याला ठरलेली फेरीही मिळत नाही. त्याचे नाव राखीव यादीत जाते आणि फोन आला की काही तासांत विमानतळावर हजर होणे, हेच त्याचे वेळापत्रक बनते. ‘मागून आली नि तिखट झाली’ ही म्हण निदान या यादीत खरी ठरत नाही.

११/
जादा कामाचे वाटप याहून बोलके आहे. महिन्याच्या मध्यात काही फेऱ्या मोकळ्या पडतात. अमेरिकेतील अनेक करारांत अशा फेऱ्या जादा दराने देताना प्रथम ज्येष्ठांना विचारले जाते. त्यांनी नाकारल्या की खालच्यांची पाळी. परंतु कोणीच तयार झाले नाही आणि विमान तर सुटायलाच हवे, अशी वेळ आली की क्रम उलटतो आणि सर्वांत कनिष्ठाला नेमले जाते. थोडक्यात, इच्छेचे जादा काम यादीच्या वरून खाली येते आणि सक्तीचे काम खालून वर जाते.

१२/
हे ऐकून अन्याय वाटणे स्वाभाविक आहे. तरी या पद्धतीच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, क्रम तारखेवरून ठरतो. अधिकाऱ्याची मर्जी, जात, गाव, ओळख यांना त्यात जागा नाही. दुसरी, आजचा शंभरावा काही वर्षांनी चाळिसावा होतो. म्हणजे नव्याने सोसलेल्या गैरसोयीची परतफेड पुढे होते. रांग लांब असली तरी ती सर्वांना दिसते आणि आपण कोठे उभे आहोत हे कळते. न्याय्य रांगेची ही किमान अट आहे.

१३/
पण हा हिशेब एका गृहीतावर उभा आहे, कंपनी टिकली पाहिजे. भारतात हे गृहीत वारंवार कोसळले. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची थांबली. ज्येष्ठतेची यादी कंपनीबाहेर चालत नाही. पंधरा वर्षे सोसून वर आलेला वैमानिक नव्या कंपनीत गेला की रांगेच्या शेवटी उभा राहतो. ज्या देशात कंपन्या अशा बंद पडतात, तेथे ‘आज सोसा, उद्या मिळेल’ हे आश्वासन पुरेसे नाही.

१४/
शिवाय भारतात अमेरिकेसारखी करारबद्ध बोली रुजलेली नाही. काही ठिकाणी पसंती कळवण्याची सोय असते, परंतु रोस्टर आखण्याचा अधिकार मुख्यतः कंपनीचा. वेतनात महिन्याच्या किमान तासांची हमी असते आणि प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांवर भत्ता मिळतो. एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियाने नवी वेतनरचना जाहीर केली तेव्हा वाद पेटला तो याच हमीवरून. पूर्वी ७० तासांची असलेली हमी नव्या रचनेत ४० तासांवर आली होती आणि वैमानिक संघटनांनी तिला विरोध केला.

१५/
हमी कमी झाली की रोस्टरचे महत्त्व वाढते. ४० तासांच्या पुढचा प्रत्येक तास मग रोस्टर लिहिणाऱ्याच्या हाती जातो. नव्या सहवैमानिकाची गरज तर दुहेरी असते. व्यावसायिक परवाना २०० तासांच्या अनुभवावर मिळतो. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला १५०० तास लागतात. म्हणून त्याला तास हवेच असतात, पैशांसाठी आणि पुढच्या पायरीसाठीही. ‘नव्यांना विश्रांती नको, उड्डाण हवे’ असा युक्तिवाद कंपन्यांच्या बाजूने होतो तो यामुळे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

१६/
उरलेले अर्धे असे की नकार देण्याची ताकद नव्याकडे सर्वांत कमी असते. प्रशिक्षणाचे कर्ज असते, कंपनीशी बंधपत्र असते. २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला नोकरी सोडण्यापूर्वी ६ महिन्यांची आणि कॅप्टनला १ वर्षाची पूर्वसूचना द्यावी लागते. थकव्यामुळे उड्डाण नाकारण्याचा हक्क नियमात आहे. तो वापरल्यास पुढच्या महिन्याचे रोस्टर कसे येईल, ही शंका मात्र नियमाने दूर होत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला पसंती म्हणणे भाषेचा गैरवापर आहे.

१७/
म्हणून भारतात बोलीपेक्षा एक गोष्ट अधिक मोलाची ठरते, विश्रांतीचा असा तळ, ज्याखाली कोणालाही ढकलता येणार नाही. हा तळ घालण्याचा प्रयत्न प्रथम रेल्वेत झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच करारात भारतासाठी आठवड्याला ६० तासांची वेगळी तरतूद होती. तिच्या अनुषंगाने १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली. परंतु तासांच्या या नियमांतून ड्रायव्हर, फायरमन, गार्ड हे गाडीवरचे कर्मचारीच वगळले गेले. ज्यांचे तास सर्वांत अनिश्चित, तेच नियमाबाहेर राहिले.

१८/
त्यांना नियमाच्या कक्षेत आणण्याचे श्रेय मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्याला जाते. सलग कामासाठी आठवड्याला सरासरी ५४ तासांचे प्रमाण त्यांनी सुचवले आणि रनिंग स्टाफ त्यात आला. तरी एका खेपेची ड्यूटी किती लांबावी हा प्रश्न धगधगत राहिला. ऑगस्ट १९७३ मध्ये लोको कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा सरकारने १० तासांच्या ड्यूटीचे तत्त्व मान्य केले. पुढच्याच वर्षी, ८ मे १९७४ रोजी, देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला आणि २० दिवस चालला.

१९/
१० तासांचे आश्वासन मिळाले म्हणून वाद संपला नाही. आजही लोको पायलटांच्या संघटना एका गणितासाठी आंदोलने करतात. फेरीनंतर मुख्यालयात मिळणारी १६ तासांची विश्रांती आणि ३० तासांची साप्ताहिक विश्रांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची बेरीज ४६ तास व्हावी, एकीत दुसरी मिसळून टाकू नये, अशी त्यांची मागणी आहे. बाहेरच्यास हा किरकोळ हिशेब वाटेल. पण दोन विश्रांत्या एकमेकींत मिसळल्या की आठवड्याची सुट्टी कागदावर राहते आणि आयुष्यातून नाहीशी होते.

२०/
आता हाच हिशेब विमानात पाहावा. वैमानिकांच्या ड्यूटीवर १९९२ पासून एक परिपत्रक लागू होते. जुलै २००७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, अधिक कडक नियम काढले. मे २००८ मध्ये ते स्थगित झाले आणि १९९२ चीच व्यवस्था परत आली. वैमानिक संघटना न्यायालयात गेल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि मे २०११ मध्ये संघटनांचे अपील फेटाळले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डीजीसीएने नवे नियम जाहीर केले. म्हणजे लिहिलेला नियम प्रत्यक्षात यायला चार वर्षे गेली.

२१/
ऑगस्ट २०२३ मध्ये हा विषय विदर्भाच्या दारात आला. नागपूर विमानतळावर उड्डाणापूर्वी एक वैमानिक कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. त्याला नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली होती, असे कंपनीने सांगितले. या मृत्यूचे कारण थकवा होते असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तर तो मोह टाळलाच पाहिजे. मात्र त्या घटनेनंतर वैमानिकांच्या ड्यूटीविषयी देशभर प्रश्न विचारले जाऊ लागले, हे नोंदवावे लागते.

२२/
जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने सुधारित नियम आणले. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. ‘रात्र’ पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत मोजायची ठरले. रात्रीच्या वेळेत करायच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ वर आली. अंमलबजावणीची तारीख होती १ जून २०२४. अधिक वैमानिक लागतील म्हणून कंपन्यांनी हरकत घेतली आणि तारीख पुढे गेली. अखेर दिल्ली उच्च न्यायालयासमोर दोन टप्पे ठरले, १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५.

२३/
डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात काय घडले ते सर्वांच्या स्मरणात आहे. इंडिगोची उड्डाणे कोलमडली. ५ डिसेंबरच्या एका दिवसात हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. विमानतळांवर माणसे अडकली, लग्ने आणि परीक्षा चुकल्या. डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या ड्यूटीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली. शिवाय साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, हे कलमही त्याच दिवशी मागे घेतले.

२४/
हे कलम आणि लोको पायलटांचे ४६ तासांचे गणित शेजारी ठेवून पाहावे. रुळांवर प्रश्न असा होता की मुख्यालयातील विश्रांती साप्ताहिक विश्रांतीत मिसळावी काय. आकाशात प्रश्न असा झाला की रजा साप्ताहिक विश्रांतीत मिसळावी काय. अर्धशतकाचे अंतर, यंत्रे वेगळी, वेतनात मोठी तफावत, आणि वाद मात्र शब्दशः एकच. व्यवस्था अडचणीत आली की पहिली काटछाट विश्रांतीच्या व्याख्येत होते, कारण तेथे कापलेले लगेच कोणाला दिसत नाही.

२५/
दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. अडकलेल्या प्रवाशाचा त्रास खोटा नव्हता. सवलत दिली नसती तर आणखी उड्डाणे रद्द झाली असती, हेही संभवते. अमरावतीसारख्या शहराला तर ही भीती अधिक, कारण वैमानिक कमी पडले की प्रथम छोट्या मार्गांच्या फेऱ्यांवर गदा येण्याचा धोका असतो. परंतु नियम जाहीर झाल्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत जवळपास २२ महिने मिळाले होते. तेवढ्या काळात भरती न केल्याची किंमत वैमानिकाच्या झोपेतून वसूल करणे याला अपरिहार्यता म्हणता येणार नाही. ती निवड होती.

२६/
या सगळ्यातून निघणारे मत असे. ज्येष्ठतेची रांग स्वतः दोषी नाही. नव्याने काही वर्षे अवघड पाळ्या कराव्यात यात गैर काही नाही. पण त्या बदल्यात त्याला तीन गोष्टी मिळायला हव्यात. एक, रांगेचे नियम लेखी आणि सर्वांना दिसणारे असावेत. दोन, जादा तास स्वेच्छेने की सक्तीने, याची वेगळी नोंद असावी. तीन, विश्रांतीचा तळ कोणत्याही कंपनीच्या अडचणीसाठी खाली सरकू नये. अमेरिकेत पहिली गोष्ट मिळवायला संघटना लागली. भारतात पहिली अपुरी आहे आणि तिसरी डळमळीत.

२७/
तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तळ सरकतो तेव्हा तो सर्वांसाठी सारखा सरकत नाही. ज्येष्ठाकडे अनुभव असतो, दुसऱ्या कंपनीची वाट असते, नकार पचवण्याची ऐपत असते. सवलतीचा भार यादीच्या तळाशी असलेल्यावर अधिक पडतो. ‘सक्तीचे काम खालून वर जाते’ हे अमेरिकेतील करारात निदान लिहिलेले असते. जेथे काहीच लिहिलेले नसते, तेथेही भार त्याच दिशेने उतरतो; फक्त त्याचा पुरावा राहत नाही.

२८/
बेलोऱ्याची संस्था ज्या जमिनीवर येते आहे, ती महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची, म्हणजे सार्वजनिक आहे. म्हणून तेथून बाहेर पडणाऱ्या वैमानिकांच्या कामाच्या अटींविषयी विचारणे ही लोकांची चौकशी ठरते, खासगी कुतूहल नव्हे. किती जागा, किती शुल्क, यांबरोबर पहिल्या दोन वर्षांचे रोस्टर कसे ठरते, किमान हमी किती तासांची, स्टँडबायचे तास कसे मोजले जातात, हेही प्रवेशाच्या वेळी कागदावर मिळायला हवे. हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशनच्या जोडीला ड्यूटीच्या तासांचा इतिहास शिकवला तर विद्यार्थ्याचे नुकसान होणार नाही.

२९/
बेलोऱ्याहून बडनेरा जंक्शन फार दूर नाही. तेथून मालगाडी घेऊन निघणारा सहायक लोको पायलट आणि उद्या बेलोऱ्यात विमान शिकून देशाच्या कोणत्या तरी तळावर पहाटे तीनचा गजर लावणारा सहवैमानिक, यांची बहुधा कधी भेट होणार नाही. पण पहिल्याच्या आधीच्या पिढ्यांनी १९४७ पासून १९७४ पर्यंत ज्या प्रश्नावर निवाडे मागितले, संप केले आणि नोकऱ्या पणाला लावल्या, तोच प्रश्न दुसऱ्याच्या नेमणूकपत्रात असेल. सही करण्यापूर्वी त्याने पगाराचा रकाना वाचावा आणि त्याखालचा ड्यूटीचा रकानाही तितक्याच सावकाश वाचावा.